बंद वाडा आणि दोन अधोल्या



बंद पडलेलं घर दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. ही खोड लहानपणापासूनची. एसटीच्या खिडकीतून एखादा पडका बुरूज दिसावा, छप्पर गेलेली चावडी दिसावी, नाहीतर झाडाझुडपात बुडालेलं दार दिसावं, की आत काय असेल याचा विचार पुढची दोन गावं सरेपर्यंत डोक्यात चालूच. लग्नानंतर सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पडक्या घरात काय असायचंय? विंचू!" त्यांचंही खरंच आहे म्हणा. पण लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर या भागातल्या आपल्या किती जणींच्या माहेरी नाहीतर आजोळी असा एकेक वाडा कुलूप घालून उभा आहे, ते आठवून बघा. मुलं पुण्याला, मुली सासरी आणि किल्ली कुणाच्या तरी कपाटात, जुन्या रेशनकार्डाखाली.

माझ्या आजोळच्या वाड्याची किल्लीही तशीच लातूरला मामीच्या कपाटात तीस वर्षं पडून होती. २०२४ च्या वैशाखात, अक्षय तृतीया झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती बाहेर निघाली. कारण काही हौसेचं नव्हतं. गल्लीकडची भिंत मध्येच फुगून बाहेर आली होती आणि पावसाळ्याआधी धोक्याचा भाग उतरवून घ्या, अशी ग्रामपंचायतीची नोटीस आली होती. वाडा पाडायचा तर आधी आत काय आहे ते बघायला हवं. म्हणून मामी, मामेभाऊ (आम्ही त्याला दादाच म्हणतो), वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, माझी मावसबहीण आक्का आणि मी असे सहा जण निघालो. मामीचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. वाडा तिचा होता. बाकी आम्ही सगळे सातबारा आणि वाटण्या बोलणारे.

पहिली गंमत दारातच झाली. दिंडी दरवाजाला बाहेरून कुलूपच नाही! दादानं खांदा लावला, तरी दार तसूभर हललं नाही. तेव्हा मामी म्हणाली, "आतून अडसर हाय त्याला. तुमचे मामा परसदारानं निघाले हुते." अडसर म्हणजे भिंतीच्या पोटातल्या भोकात सरकवलेला जाडजूड लाकडी दांडा. रात्री तो ओढून दाराआड आडवा टाकायचा, की बाहेरून हत्तीनं धडक दिली तरी दार उघडत नाही. म्हणजे तीस वर्षं येणारे-जाणारे ज्या दाराकडे बघून हळहळत होते, ते आतून बंद होतं. आम्ही मागच्या बोळातून, बाभळीचे फेस बाजूला करत परसदाराशी गेलो. कुलपात गोडं तेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा सोडलं. शेवटी किल्ली फिरली तेव्हा माझ्या छातीतली धडधड मला ऐकू येत होती, खोटं कशाला सांगू.

आत पाऊल टाकणार तेवढ्यात मामीनं हात आडवा केला. आधी तिनं दोन टाळ्या वाजवल्या आणि गप्प उभी राहिली. आतून सरसर आवाज झाला, काहीतरी फडफडलं, मग शांत. "ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यावं," ती म्हणाली. मग पिशवीतून मऊ कुंचा काढून भाचीच्या हातात दिला. पुढं तिनं हलक्या हातानं झाडायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पावलावर पाऊल ठेवायचं. मुनी चार हात पुढची जमीन बघून चालतात ती ईर्या समिती आपण सगळ्या जणी ऐकत आलोय. पडक्या वाड्यात शिरायचं असेल तर त्याहून चांगला नियम नाही. जीव त्यांचाही वाचतो, आपलाही. भाची टॉर्च जमिनीवर धरून चालत होती आणि त्या उजेडाच्या वर्तुळात मुंग्यांची रांग आली की आम्ही सगळी वरात थांबत होतो.

आतला गारवा मी विसरलेच होते. बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं आणि आत माठातल्यासारखं थंड. दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, बाहेरून आणि आतून दगड, मध्ये माती. वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळतं म्हणून आणखी चार पाट्या माती टाकायची, तसा हा थर वर्षागणिक जाड होत जातो. उन्हाळ्यात सुख हेच आणि भूकंपात मरण हेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावागावांत हीच माती, हेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या भिंती बाहेर कोसळल्या आणि वरचं ओझं खाली बसलं.

तारीख लक्षात आली का? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती आणि आपल्या घरांतून दशलक्षणाचा शेवटचा उपवास. मामीला निर्जळी होती. घशाला कोरड पडून झोप येईना म्हणून ती अंगणात तुळईला टेकून णमोकार म्हणत बसली होती. ती सांगते, आधी आडातलं पाणी वाजलं. मग गाई हंबरल्या. मग जमीन चाळणीसारखी हलली. तिनं आरडाओरडा करून सगळ्यांना अंगणात ओढलं. वाडा पडला नाही, कारण माळवदाचं ओझं इथं भिंतींवर नव्हतं, लाकडी खांबांवर होतं. पण माजघराची भिंत वरपासून खालपर्यंत उकलली. त्यानंतर त्या घरात कुणी रात्र काढली नाही. शेतात ताडपत्रीखाली सगळे राहिले. पारणं शेतात झालं आणि त्या वर्षीची क्षमावणीही शेतातच. मामी म्हणाली, "एकमेकांचे हात धरून नुसते रडत हुतो, उत्तम क्षमा म्हणायचं सुचतच नव्हतं." महिन्याभरानं भांडीकुंडी, गुरं आणि चैत्यालयातल्या मूर्ती हलवल्या, मामांनी अडसर घातला आणि परसदारानं निघाले.

ती उकललेली भिंत आम्ही टॉर्चच्या उजेडात बघितली. फटीत हात जाईल एवढी रुंद. आत बळद दिसत होतं. ज्यांनी बळद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही भिंतीच्या जाडीतच ठेवलेली धान्याची पोकळी. वरून धान्य ओतायचं, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून तोंड लिंपायचं आणि लागेल तसं खालच्या बोळक्यातून काढायचं. रिकामं झालं की झाडायला घरातलं सगळ्यात लहान पोर वरून आत सोडायचे. माझी आई त्यात उतरलेली. आत सोनं पुरलंय अशी आमची लहानपणची खात्री होती. दादानं फटीतून टॉर्च मारला. आत ज्वारीचा भुसा, चिंध्यांचा बोळा आणि उंदरांनी केलेलं अंथरूण. सोनं नाही. पण आम्ही तिघं पन्नाशीच्या पुढची माणसं त्या फटीशी डोकी लावून जो श्वास रोखून उभी होतो, तसा श्वास मी कित्येक वर्षांत रोखला नव्हता.

खरा ऐवज ढेलजेत निघाला. ढेलज म्हणजे पुढच्या दाराच्या आतली बसायची जागा. पणजोबांचं धान्याचं दुकान तिथंच. एका कोनाड्यात कोळिष्टकांमागे मापं होती. चिपटं, मापटं, शेर आणि दोन अधोल्या. १९५८ पासून मेट्रिक वजनं आली आणि पुढच्या काही वर्षांत ही मापं कायद्यानं बाद झाली. तेव्हापासून ती तिथंच असणार. आजच्या मुलींसाठी, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. पण एकाच दुकानात दोन अधोल्या कशाला? भाचीनं एकीत दुसरी घालून बघितली. आरामात गेली. एक मोठी, एक लहान!

तिथं आमच्यात जी शांतता पसरली ती विंचू निघाल्यावरही पसरली नसती. शेजारच्या काकूंकडून सूपभर ज्वारी मागून आणली. मोठी अधोली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि लहानीत ओतली. लहान भरून ओंजळभर ज्वारी उरली. लहानीच्या काठाखाली सरकारी छाप होता, अक्षरं झिजलेली. मोठीवर काहीच नव्हतं.

तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपल्याकडे दशलक्षणात सातव्या दिवशी वाचतात. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार त्यात आहेत. चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा कायदा मोडून व्यापार करणं, मापं कमी-जास्त ठेवणं आणि भेसळ. चौथा अतिचार आमच्या हातात होता, पितळी कडी लावलेला. दादा हसत म्हणाला, "घेताना बिनछापाचं, देताना छापाचं. पणजोबांचा वाडा उगाच नाही झाला." त्याचं हसणं मला आवडलं नाही, पण वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतंही. पणजोबा गावच्या मंदिराचे पंच होते. त्यांच्या नावानं अजून अभिषेक होतो.

मामी तेवढ्यात पुढं आली. "काय बी बोलू नगंस," ती दादाला म्हणाली. "थोरली अधोली तुझ्या आजीची. सुगीला बलुतं त्या अधोलीनं द्यायच्या. दुकानात ती कधी बसली न्हाई." दादा म्हणाला, मग ती दुकानाच्या कोनाड्यात काय करतेय? मामी गप्प. खरंच, काय करत होती?

भिंत बघायला गावातले म्हातारे सुतार आले होते, ऐंशीच्या घरातले. दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांच्या वडिलांचं बलुतं याच वाड्यावर होतं. मी त्यांनाच विचारलं. त्यांनी दोन्ही अधोल्या हातात घेतल्या, उलट्या-सुलट्या केल्या, परत ठेवल्या. म्हणाले, "माप कंचं व्हतं ते काय ध्यानात न्हाई, बाई. म्या बापासंगं पोतं धरायला यायचो. पर एक ध्यानात हाय. तुमची आजी शीग लावायची. हात फिरवून सपाट न्हाई करायची. वरनं सांडंस्तवर भरायची, आनि सांडल्यालं बी पोत्यातच."

दादा पुढं काही बोलला नाही. मीही नाही. शीग लावणारी आजी आणि सपाट करणारे पणजोबा एकाच घरात राहू शकतात. नात्यातल्या माणसांचा हिशोब एका अधोलीनं होत नाही. मोठी अधोली कुणाच्या हातात कुठल्या वेळी होती, हे सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही. पण पणजोबांच्या नावाच्या पुढच्या अभिषेकाला मी बसेन तेव्हा ती ओंजळभर ज्वारी माझ्या डोळ्यांपुढे असणार.

त्याच सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या पाच भावनाही आहेत, आणि खरं सांगते, दरवर्षी त्या ऐकताना मला कोडं पडायचं. पहिल्या दोन आहेत शून्यागार आणि विमोचितावास. डोंगरातल्या गुहेसारख्या रिकाम्या जागी राहणं आणि दुसऱ्यानं सोडून दिलेल्या घरात राहणं. चोरी न करण्याच्या व्रतात ही ओसाड घरं आली कुठून? पंडितजी समजावून सांगायचे, की जिथं कुणाची मालकी नाही तिथं मुनीनं राहावं, म्हणजे न दिलेलं घेतल्याचा दोष नाही. मी मान डोलवायचे. त्या दिवशी वाड्यात उभं राहिल्यावर कळलं, की सोडलेलं घर ही मोठी अवघड जागा आहे. तिथं हात धरणारं कुणी नसतं. कोनाड्यातला पितळी दिवा, खुंटीवरची कंदिलाची काच, सगळं कुणाचंच नसल्यासारखं असतं, आणि म्हणूनच ते उचलावंसं वाटतं. जुन्या घरात शिरण्यातली अर्धी मजा हीच असते. आक्काची नजर दिव्यावर, माझी फुलपात्रावर, वहिनीची कोरीव चौकटीवर होती. तेवढ्यात बाहेर जुन्या सामानाचा व्यापारी टेम्पो घेऊन हजरही झाला होता! गावात बातमी कशी फिरते बघा. सागवानी खांब आणि चौकटी तो मागत होता, अशा वस्तू म्हणे फार्महाऊसला लागतात.

मामीनं त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं आणि आम्हाला सांगितलं, "आज नुसतं बघायचं. कुणी काय उचलायचं न्हाई. पाच घरांचं हाय, पाच घरं बसतील तवा बघू." भावनांमधली पाचवी माहीत आहे ना? सधर्मींशी हे माझं, हे तुझं असा वाद न घालणं. मामीनं तत्त्वार्थसूत्राचं नाव काढलं नाही. तिला फक्त आम्ही माहीत होतो.

वरच्या माडीवर घरचैत्यालय होतं. त्याच्या डोक्यावर कुणी चालू नये म्हणून ते वरच. जिना भिंतीच्या पोटातून जाणारा, अंधारा, दगडी, एका वेळी एक माणूस. मूर्ती १९९३ लाच हलवलेल्या, आता त्या लातूरला मंदिरात आहेत. तरी मामीनं खालच्या पायरीशी चपला काढल्या. धुळीनं भरलेल्या, पाकोळ्यांच्या लेंड्या पडलेल्या जिन्यावरून ती अनवाणी चढली, एकेका पायरीवर कुंचा फिरवून. वर रिकामी लाकडी वेदी. छताच्या फटीतून उन्हाची एक तिरीप बरोबर तिच्या मागच्या भिंतीवर पडली होती. वेदीला तिनं हात लावला नाही. समोर बसली आणि डोळे मिटले. आम्ही मागे उभे राहिलो. पाच मिनिटं असतील, फार तर दहा.

शेजारच्या भिंतीतल्या फडताळात बस्तान बांधलेल्या तीन पोथ्या निघाल्या. लाल वेष्टनं अजून घट्ट होती, म्हणून मला फार आनंद झाला. पहिली सोडली तर आत वाळवीनं मधला भाग खाऊन फक्त चारी बाजूंचा समास शिल्लक ठेवला होता, चौकटीसारखा. दुसरी बरी होती. मराठीत व्रतकथा, अनंताची आणि आदितवाराची, बोरूच्या टपोऱ्या अक्षरात. तिसरी म्हणजे आजीची वही. कुठल्या वर्षी कुणी किती उपवास केले, लोणच्याला किती कैऱ्या आणल्या, कोणती गाय व्याली, सगळं एकाखाली एक. धर्म आणि घर वेगळं काढायची तिला गरज पडली नव्हती. "मामींना दशलक्षण पूर्ण," अशी एक ओळ मामीनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

दादानं लगेच वाळवीच्या फवाऱ्याची गोष्ट काढली. मामीनं नाही म्हटलं. पोथ्या तिथून हलवायच्या, सावलीत कोरड्या फळीवर पान पान सुटं करून ठेवायच्या, मऊ पिसानं झटकायच्या. तेवढ्या तीन गोष्टी मात्र त्या दिवशी वाड्याबाहेर आल्या, पाचही घरांना फोनवर विचारून. श्रुतपंचमी महिन्यावर होती. बंद फडताळातल्या पोथीला हवा लागावी, ऊन दिसावं, म्हणून तर आपल्याकडे तो दिवस आहे. मूडबिद्रीच्या भांडारात षट्खंडागमाची ताडपत्रं शतकानुशतकं कुलपात होती. लोक दर्शन घेत, वाचत कुणी नव्हतं. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन केलेला धवलेचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला तो १९३९ साली. आमच्या व्रतकथेचा तोरा तेवढा नाही, पण तिचे फोटो काढून झालेत आणि मूळ पोथी एका ग्रंथभांडारात द्यायचं पक्कं झालंय.

आता पाकोळ्या. माजघराच्या तुळयांना त्या शेकड्यानं लटकल्या होत्या. टॉर्च वर गेला की तुळई हलल्यासारखी वाटायची. काहींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली. जेसीबी लावला असता तर एका दुपारचं काम होतं, आणि पाच घरांपैकी दोघांचं मत तेच होतं. सुतारबाबा म्हणाले, पिल्लं उडायला लागेपर्यंत थांबा, मग संध्याकाळी सगळ्या चरायला बाहेर पडल्या की वरची भोकं एकेक करून बुजवा, त्या आपण होऊन दुसरं घर शोधतील. दुसऱ्याला राहण्यापासून अडवू नये, ही अचौर्याची तिसरी भावना. ती अशी शेकड्यानं उलटी लटकलेली भेटेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की गल्लीकडची फुगलेली भिंत तेवढी हातानं, दगड दगड करून, पावसाआधी उतरवायची, गल्लीला काटेरी कुंपण घालायचं, तुळयांना टेकू लावायचे आणि बाकीचा वाडा दिवाळीपर्यंत आहे तसा ठेवायचा. मजुरी दुप्पट झाली. त्यातल्या एका मामेभावानं आपला वाटा अजून दिलेला नाही, आणि त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, वाचतोय तो!

ऊन कलायला लागलं तशी जेवणाची घाई झाली. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर धपाटे आणि शेंगाची चटणी सोडली. काकू तांब्या घेऊन आल्या आणि न सांगताच म्हणाल्या, "गाळूनच आणलंय. तुमच्या आजीनं शिकवलेलं हाय." जेवताना भाची मध्येच उठली आणि परसातून एक तांब्याची बादली घेऊन आली. तिला ती न्हाणीच्या खुंटीवर दिसली होती. "आत्या, ही बनवताना चुकलीय का? कडी बुडालासुद्धा आहे!"

मामी इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या वाचक मैत्रिणींपैकी वयानं मोठ्या आहेत त्यांनी ओळखलंच असेल. ती जिवाणीची बादली. पाणी दुहेरी गाळण्यातून गाळायचं आणि गाळण्यात जे सूक्ष्म जीव राहतात ते ज्या आडातलं पाणी त्याच आडात परत पोचवायचे. वरून ओतले तर आपटून मरतील. म्हणून गाळणं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं या बादलीत धुवायचं आणि बादली सरळ, हळूहळू पाण्यापर्यंत सोडायची. टेकली की वरची दोरी सैल करून बुडाच्या कडीची दोरी ओढायची. बादली पाण्यातच उलटते. लातूरच्या फ्लॅटमध्ये नळ आणि टँकर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हाही मामीनं ते गाळलं होतं, पण जिवाणी सोडायची कुठं, म्हणून ती रोज हळहळायची.

वाड्यातल्या आडावर फरशी होती. दादानं आणि सुतारबाबांनी ती सरकवली. आत पाणी आहे का बघायला भाचीनं खडा उचलला, तर मामीनं तिचा हात धरला. काकूंकडचा दोर आणला, बादली सोडली. दोर जात राहिला, जात राहिला, आणि मग हाताला हलका झाला. पाणी होतं. वर आलं ते गार, जरासं मातकट. मामीनं पदराखालून घडी घातलेलं पांढरं गाळणं काढलं. ती येताना घेऊनच आली होती! अर्धी कळशी गाळली, गाळणं उलटं करून बादलीत धुतलं, बुडाच्या कडीला दुसरी दोरी बांधली आणि ती भाचीच्या हातात दिली.

"हळू," ती म्हणाली. "टेकल्याबिगर वढू नगंस."

भाची आडाच्या काठावर पोटावर पालथी पडून, मान आत घालून, वीत वीत दोर सोडत होती. आम्ही सगळे तिच्याभोवती गप्प उभे होतो. खालून बादली टेकल्याचा अगदी बारीक आवाज आला, मग तिनं दुसरी दोरी ओढली.